काट्यावर न दिसणारी वाढ

पलूस, कुंडल, भिलवडी या पट्ट्यात पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायकांकडे वजनाचा विषय काढला, की ठरलेली वाक्यं कानावर येतात. "पाळी मागंपुढं व्हायला लागली आणि अंग सुटलं." "खाणं हाय तेवढंच हाय, पोट तेवढं वाढलंय." घरातली थोरली बाई म्हणते, या वयात असंच व्हायचं. शेजारीण सांगते, अंगातलं खराब रक्त साफ जात नाही म्हणून फुगवटा येतो. कुणीतरी पावडरीचा डबा सुचवतं, कुणी सोळा गुरुवार. आणि पाळीचा त्रास फारच झाला, तर एक सल्ला हमखास मिळतो: पिशवी काढून टाक, मोकळी होशील.

या सगळ्या सल्ल्यांत मोजमाप एकाच गोष्टीचं होतं, ते म्हणजे काट्यावरच्या किलोंचं. माझी काळजी तिथूनच सुरू होते. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत बाईच्या शरीरात होणारा सर्वांत महत्त्वाचा बदल काट्यावर दिसतच नाही. तो न ओळखता नुसते किलो उतरवायला गेलं, तर जे राखायला हवं तेच आधी जातं.

अमेरिकेत १९९० च्या दशकात मध्यमवयीन स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा 'स्वान' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच स्त्रियांच्या शरीरातली चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजल्यावर २०१९ साली जे समोर आलं, ते प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवं. रजोनिवृत्तीकडे जाणारा काळ सुरू झाला, की चरबी साठण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि त्याच वेळी स्नायू घटू लागतात. शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांपर्यंत हे चालू राहतं. एक वाढतं, दुसरं घटतं. त्यामुळे एकूण वजन पूर्वीच्याच गतीने हळूहळू चढताना दिसतं. काटा शांत असतो आणि आतली सगळी मांडणी बदललेली असते.

चरबीची जागाही बदलते. इस्ट्रोजेन पुरेसं असताना बाईची चरबी मांड्या आणि नितंबांवर साठते. पुढे हे इस्ट्रोजेन आधी बेभरवशाचं होतं, मग ओसरतं, आणि चरबी पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती जमू लागते. ही आतली चरबी इन्सुलिनचा परिणाम कमी करते, साखर चढवते, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बिघडवते. साडी घट्ट होणं ही दिसण्याची तक्रार म्हणून सांगितली जाते. मी तिला आजाराची पहिली सूचना मानेन.

आपल्याकडे हा धोका जास्त का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचा हा स्वभाव जगापुढे मांडला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी. पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की ही ठेवण आपल्यात जन्मापासूनच असते. अशा शरीरावर चाळिशीनंतर इस्ट्रोजेनची ओहोटी येते. तीही लवकर: भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, पाश्चात्त्य स्त्रीची एक्कावन्नच्या आसपास. म्हणजे बदलाची वर्षं इथे चाळिशीच्या उंबरठ्यावरच सुरू होतात, मुलीचं लग्न आणि मुलाचं कॉलेज डोक्यावर असतानाच.

२०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच कमरेचा घेर मोजला गेला. बीएमआयच्या हिशेबाने देशातल्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या. घेराच्या हिशेबाने, म्हणजे ८० सेंटिमीटरची मर्यादा धरली, तर ४० टक्के. पुरुषांत, त्यांच्यासाठीच्या वेगळ्या मर्यादेने, हे प्रमाण १२ टक्के होतं. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या दहापैकी पाच-सहा स्त्रियांचं पोट धोक्याच्या रेषेपलीकडे होतं. २४ आणि ४० यांच्यामधल्या बायकांना काट्याने सांगितलं, तुझं बरं चाललंय. त्यांतल्या कितीतरी जणी आजही त्याच समाधानात असतील.

चाळिशीनंतर शरीराची भट्टीच मंदावते, असं सर्रास सांगितलं जातं. २०२१ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या, सहा हजारांहून जास्त माणसांच्या मोजणीवर उभ्या असलेल्या अभ्यासाने ही समजूत खोडून काढली. शरीराचं आकारमान आणि स्नायूंचा हिशेब धरला, तर विशीपासून साठीपर्यंत माणसाची ऊर्जेची गरज जवळजवळ स्थिर राहते, बाईचीही. मग फरक कुठे पडतो? स्नायूच घटले, की त्यांच्यासोबत जळणारी ऊर्जाही घटते. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते, झोप तुकड्यातुकड्याने होते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते. शिवाय हालचाल कधी कमी झाली, हे तिचं तिलाही कळत नाही.

पलूसमध्ये या शेवटच्या मुद्द्यावर लगेच हरकत येते. द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईला हालचाल कमी कसली? ही हरकत नीट तपासायला हवी, कारण इथे एकच बाई नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावणं, फुटीची विरळणी, घडांचं थिनिंग, डिपिंग ही कामं बहुतेक बायकांची. मांडवाखाली मान वर आणि हात डोक्याच्या वर करून तासन् तास उभं राहायचं, एका वेलीवरून दुसऱ्या वेलीकडे दोन पावलं सरकायचं. खांदे आणि मान भरून येतात, थकवा खराच असतो. पण दम लागेल असं चालणं त्यात नाही आणि मांड्या-पाठीच्या मोठ्या स्नायूंवर ताकदीचा भारही पडत नाही. थकवा म्हणजे व्यायाम, हे समीकरण म्हणूनच फसवं आहे. टोळीतून मजुरीला जाणारी बाई अनेकदा वजनाने कमीच असते. तिचे स्नायू अपुऱ्या प्रथिनांवर झिजत असतात. बागेच्या मालकिणीचं आयुष्य निराळं. उसाच्या आणि द्राक्षाच्या पैशाने घरात मिक्सर, वॉशिंग मशीन, स्कूटी आली, पाण्याची खेप आणि सरपणाची मोळी गेली. हे सुख तिला मिळायलाच हवं होतं. पण पूर्वी ज्या कामांनी तिच्या पायांत ताकद राहत होती, त्यांची जागा कशानेच घेतली नाही.

ताटातही असंच झालं. भिलवडीच्या दुधाचं नाव सगळ्या महाराष्ट्रात. पहाटे म्हशीची धार काढणारी बाई दूध किटलीत भरून डेअरीला घालते आणि स्वतःच्या वाट्याला त्याचा चहा ठेवते, दोन चमचे साखरेचा, दिवसातून चार-पाच वेळा. असे चार कप झाले, की चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेने घातलेली मर्यादा दिवसाला पंचवीस ग्रॅमची आहे. प्रथिनांचा हिशेब याच्या उलटा. साठ किलोच्या बाईला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. एका भाकरीत साधारण सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत तेवढीच. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाची पातळ आमटी आणि दोन भाकऱ्या खाणारी बाई पन्नासच्या जवळपासही पोचत नाही.

अशा शरीरावर उपासाचा किंवा पावडरीचा प्रयोग झाला, की काय होतं? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, वर वजनासाठी रात्रीचं जेवण बंद. उपासाला साबुदाणा, रताळं, पुन्हा चहा. महिन्यात तीन किलो उतरतात, कौतुक होतं. त्यात चरबीसोबत स्नायूही गेलेले असतात. खाणं पूर्ववत झालं, की वजन परत येतं. येतं ते मुख्यतः चरबीच्या रूपात. असे दोन-तीन फेरे झाले, तर पन्नाशीची बाई त्याच वजनावर, पण आधीपेक्षा अशक्त आणि मोठ्या पोटाची होते. हाडांचंही तेच. पाळी जाण्याच्या आगेमागे ती भराभर विरळ होत असतात आणि उपाशी शरीर ती भरून काढू शकत नाही.

तालुक्याच्या गावांत आता जेवणाऐवजी शेक विकणारे क्लब निघालेत. बाया एकमेकींना सभासद करतात, सकाळी एकत्र जमतात. एकत्र जमण्याचा आनंद मी कमी लेखत नाही. घराबाहेर स्वतःसाठी तासभर मिळणं किती बायकांच्या नशिबी असतं? पण विकणारीच सल्ला देणारी असली, की थायरॉईड कमी आहे का, साखर वाढली आहे का, हे कुणी विचारत नाही. बिननावाच्या चूर्णांचा धोका त्याहून मोठा. हृदयावरच्या परिणामांमुळे २०११ साली भारतात बंदी आलेलं सिब्युट्रामिन हे औषध 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत जगभर सापडत आलं आहे. वजन उतरावं म्हणून शेजारणीची थायरॉईडची गोळी घेणं हाही तितकाच घातक प्रकार. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं झिजतात.

२०२५ पासून वजनाची नवी इंजेक्शनंही भारतात मिळू लागली. ती खरी औषधं आहेत आणि मधुमेह किंवा मोठा लठ्ठपणा असलेल्या काही जणींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. पण त्यांनी उतरणाऱ्या वजनातही स्नायूंचा वाटा असतो, आणि त्यांपैकी सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे. लग्नसराईआधी चार महिने घ्यायची ही वस्तू नव्हे.

पिशवीबद्दल मात्र सर्वांत कडक शब्दांत सांगायला हवं. पलूस-कुंडलच्या उसाच्या पट्ट्यात दर हंगामात बीडकडून ऊसतोड कामगार येतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, अनेकींची ऐन तारुण्यात. खाडा पडू नये, पांढरं जाणं थांबावं, कॅन्सरची भीती नको, ही कारणं. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली, तर जो बदल चार-सहा वर्षांत सावकाश व्हायचा, तो एका दिवसात होतो. अशा स्त्रियांचं वजन शस्त्रक्रियेनंतर अधिक वेगाने वाढतं, हे 'स्वान'मध्येच दिसलं आहे. हाडं आणि हृदयाची जोखीम निराळीच. गरज असते तिथे ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण चाळिशीत पाळी अनियमित झाली, एवढं कारण त्यासाठी पुरेसं नाही. आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, औषधं, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत.

पलूस तालुक्यातल्याच किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागलं. तेव्हापासून बायकांच्या शिक्षणावर आणि संसारावर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. पाळी जाण्याच्या या वर्षांबद्दल आपण अजूनही आवाज खाली करून बोलतो, आणि नवऱ्याच्या कानावर ते जातच नाही.

करण्यासारखं जे आहे, ते महाग नाही. मोजायची टेप शिवणाच्या डब्यात असतेच. श्वास सोडून, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, तीन महिन्यांतून एकदा. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात हा घेर विचारलेला असतो. फॉर्म पुरा करण्याच्या घाईत तो अंदाजे लिहिला जाऊ नये, इतकं तरी त्यांना सवड देऊन साधायला हवं. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून ठेवणं. रोज वीस-पंचवीस मिनिटं दम लागेल असं चालणं. किटलीत जाण्याआधी एक पेला दूध बाजूला, आणि आमटी घट्ट. रात्रीच्या वाफांनी झोपच होत नसेल, तर हार्मोनच्या उपचारांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं. ते वजनाचं औषध नाही, पण झोप परत आणू शकतं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठींचा इतिहास असेल, तर तो आधी सांगावा.

साखर कारखाने गळीत हंगामात आरोग्य शिबिरं घेतात. तिथे चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईचा, मालकिणीचा आणि कोपीतल्या मजुरणीचाही, घेर, रक्तदाब आणि साखर मोजली जावी आणि एक प्रश्न न चुकता विचारला जावा: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेलं का? पोटावरची चरबी गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची जोखीम वाढवते, आणि असं एकदा जरी गेलं, तरी त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी.