बंदूक आहे, परवानाही आहे, पण काडतूस? महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याचं घोडं नेमकं कुठं अडतं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. आंबेनळी आणि वरंधा घाटाच्या पायथ्याला भात पिवळं पडलंय, लोंब्या वाकल्यात, कापणीला आठवडाभर बाकी आहे. आणि नेमक्या याच आठवड्यात रात्री रानडुकरांचा कळप खाचरात उतरतो. डुक्कर खातं त्यापेक्षा जास्त तुडवतं. सकाळी बांधावर उभं राहिलं की पीक गेलंय की लोळवलंय हेच कळत नाही.

आता समजा, घरात परवान्याची बंदूक आहे. आजोबांच्या काळापासूनची, कोपऱ्यात तेल लावून ठेवलेली. पण काडतुसं उरलीयत दोन. दुकान तालुक्याबाहेर, परवान्याची मुदत संपत आलेली, आणि त्यातच निवडणूक लागलेली. मग त्या बंदुकीचा उपयोग काय? एखाद्या दांडक्याएवढा.

बंदुकीबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं, काडतुसाबद्दल कुणी बोलत नाही. खरी अडचण मात्र तिथेच आहे.

अमेरिकेत काय झालं होतं?

२०२० मध्ये कोरोना आला आणि अमेरिकेत बंदुकांची दुकानं रिकामी झाली. बंदूक खरेदीशी जोडलेल्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा त्या वर्षी एफबीआयकडे ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेला. नव्या मालकांना गोळ्या हव्या होत्या, जुन्यांना भीती होती की पुढे मिळणार नाहीत, म्हणून त्यांनीही खोकीच्या खोकी उचलली. त्यातच रेमिंग्टन ही जुनी कंपनी जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. या सगळ्यातून तिथल्या लोकांनी धडा घेतला तो म्हणजे बाजारात माल असतानाच साठा करा.

हा धडा जसाच्या तसा महाडला आणला तर माणूस थेट पोलीस ठाण्यात पोचेल. भारतात शस्त्र परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे लिहिलेले असतात. एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची. त्यापुढचं प्रत्येक काडतूस बेकायदेशीर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षं झाली आहे, आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे टंचाईवरचा सगळ्यात सोपा उपाय इथे गुन्हा ठरतो.

शेतकऱ्याला कोणती बंदूक मिळते?

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ यात स्पष्ट आहे. पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मागे केप बसवायची आणि बार काढायचा. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत डुकरं शेजारच्या वाडीत पोचलेली असतात. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर तो बारा बोरसारखी साध्या नळीची बंदूक देऊ शकतो.

जाता जाता, ‘बारा बोर’ म्हणजे काय? नळीच्या तोंडात नेमके बसतील असे एक पौंड शिशाचे बारा गोळे होतात, म्हणून बारा. आकडा कमी तेवढी नळी मोठी.

ठासणीवाल्याचा शत्रू दमट हवा. कोकणातल्या पावसाळ्यात दारूने ओल धरली की केप वाजते आणि बार निघत नाही. बारा बोरवाल्याला ही भीती कमी, पण तो पूर्णपणे तयार काडतुसावर अवलंबून.

हे काडतूस येतं कुठून?

पुण्याजवळच्या खडकीतून. १८६९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या दारूगोळा कारखान्यात बारा बोरची ‘शक्तिमान’ काडतुसं बनतात. १ ऑक्टोबर २०२१ ला केंद्राने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, तेव्हा खडकीचा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’मध्ये गेला. तिचं मुख्य गिऱ्हाईक लष्कर. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून जगभरात दारूगोळ्याची मागणी वाढलेली आहे. या रांगेत पोलादपूरच्या शेतकऱ्याची दहा-वीस काडतुसं कुठे उभी असतील, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही.

कारखान्यातून माल परवानाधारक विक्रेत्याकडे येतो. शेतकरी मूळ परवाना घेऊन जातो, विक्रेता खरेदीची नोंद त्यावर करतो. त्यामुळे ‘मुंबईला चाललायस ना, येताना दोन डझन घेऊन ये’ असं भाच्याला सांगून चालत नाही. मुदत संपलेल्या परवान्यावर तर काडतूस मिळतच नाही. परवाना आता पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीनचा होता. पाच वर्षं हा मोठा काळ आहे, आणि म्हणूनच तारीख विसरली जाते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी द्यायचा असतो. तो आठवतो कधी, तर शेतात डुकरं आल्यावर.

आणि मग लागते आचारसंहिता

२०२४ चंच बघा. विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. कोकणातल्या भाताच्या कापणीचे दिवसही हेच. निवडणूक काळात परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा करून घेतली जातात आणि निकालानंतर परत मिळतात. ज्यांच्यासाठी बंदूक हे फक्त राखणीचं साधन आहे, त्यांचा हंगामच नेमका त्यात जातो.

पण बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीत नसते. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार यासाठी जिल्हा पातळीवर छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले, अशांच्या शस्त्रांकडे मुख्यतः लक्ष द्यायचं असतं. म्हणजे पीक राखणाऱ्याला समितीपुढे अर्ज करून आपलं कारण मांडता येतं. मंजूर होईलच असं नाही. पण जमा करण्याची नोटीस हातात पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हा अर्ज आधी तयार ठेवलेला बरा.

काडतूस तुटवड्यात माणूस काय शिकतो?

पहिली गोष्ट, हवेत बार काढणं बंद होतं. डुकरं पळवायला आवाज काढायचा असेल तर फटाका, पत्र्याचा डबा, कुत्री यांनीही काम होतं. लग्नात, मिरवणुकीत बार काढायची हौस तर २०१९ पासून स्वतंत्र गुन्हाच आहे. निष्काळजीपणे, इतरांचा जीव धोक्यात घालून उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण इथे जीव जाऊ शकतो. हवं ते काडतूस मिळालं नाही की ‘बसतंय ना, मग चालेल’ असं होतं. बारा बोरची काडतुसं ६५ मिलिमीटर आणि ७० मिलिमीटर अशा दोन लांब्यांत येतात. जुन्या दुनळ्यांची बैठक बऱ्याचदा ६५ ची असते. त्यात ७० चं काडतूस सहज बसतं, कारण न उडवलेलं काडतूस दुमडलेलं असतं. उडताना मात्र ते उलगडतं, पुढे जागा नसते, दाब वाढतो आणि नळी फाटू शकते. बंदुकीवर कोणतं माप कोरलंय ते वाचता येत नसेल, तर काडतूस घेण्याआधी बंदूक दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारकाला दाखवून घ्यावं.

छऱ्र्यांचंही तसंच. पाखरांसाठीचे बारीक छर्रे डुकरावर मारले तर डुक्कर मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी सकाळी करवंदीच्या जाळीत कुणासमोर उभं राहील, सांगता येत नाही.

जुन्या साठ्याचा प्रश्न वेगळाच. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. अशा पुरात घरातलं जे भिजतं त्यात काडतुसंही असू शकतात. भिजलेलं काडतूस उन्हात वाळवून ‘चालतंय का बघू’ म्हणणं हा जुगार आहे. घोडा ओढूनही बार निघाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडायची नाही. कधी कधी बार उशिराने निघतो.

तिसरी गोष्ट उसनवारीची. गावात मीठ-साखर उसनी देतात, तशी दोन काडतुसंही शेजाऱ्याला दिली जातात. कायद्याच्या भाषेत हे हस्तांतर आहे. समोरच्याकडेही परवाना असला तरी आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. पंचेचाळीस दिवसांत भात कापून, झोडून कणगीत गेलेलं असतं!

परवाना बंदुकीचा, शिकारीचा नाही

इथे अनेक जण फसतात. घरात बंदुकीचा परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायची मुभा आहे, असं नाही. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आलं. उभ्या पिकाचं नुकसान करणारं डुक्कर मारायचं तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्या परवानगीत भेकर, सांबर काही येत नाही. त्यांच्यावर बार काढला तर सरळ शिकारीचा गुन्हा.

केरळने यावर वेगळी वाट काढली. मे २०२२ मध्ये तिथल्या सरकारने हे अधिकार पंचायतींच्या प्रमुखांपर्यंत नेले आणि परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांच्याकडून काम करून घ्यायला सुरुवात केली. तिथेही सगळं सुरळीत नाही. पण एकेका शेतकऱ्याने दोन काडतुसं घेऊन रात्र काढण्यापेक्षा गावाने मिळून चार जाणकार माणसं ठरवणं, हे महाड-पोलादपूरसारख्या भागाला जास्त जुळणारं वाटतं. इथे निम्मं घर मुंबईला असतं, पडीक खाचरांत झुडपं वाढून डुकरांना आयता आसरा मिळतो आणि राखणीला उरतात म्हातारी माणसं.

काडतूस नाही, म्हणून काय केलं जातं?

कुंपणात विजेची तार सोडली जाते. किंवा आमिषात गावठी बॉम्ब ठेवला जातो. २०२० मध्ये केरळात स्फोटकं भरलेलं फळ खाऊन गाभण हत्तीण मेली, तेव्हा देशभर हळहळ झाली. असंच आमिष आपल्या रानात गुराच्या, कुत्र्याच्या किंवा लाकूड गोळा करणाऱ्या बाईच्या वाटेत असतं. तारेला चिकटून माणूस गेला तर शेतमालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. भाताच्या दोन खाचरांसाठी.

नुकसान झालंच तर वन विभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी लगेच कळवायचं, फोटो काढायचे आणि पंचनामा होईपर्यंत शेत आवरायचं नाही.

राहिला प्रश्न त्या कोपऱ्यातल्या बंदुकीचा. परवाना वडिलांच्या नावावर आणि राखणीला मुलगा, असं असेल तर परवान्यावर नाव नसलेल्या मुलाने बार काढणं हाही गुन्हाच. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ नुसार परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारसालाही शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे पुढच्या ऑक्टोबरसाठीचा अर्ज यंदाची कापणी उरकल्या उरकल्याच टाकावा लागेल.