सीतेच्या वेणीची तहान

सीतेची वेणी आपल्यापैकी अनेकांनी कोकणात किंवा घाटमाथ्यावर पाहिली असेल. मे-जूनच्या सुमारास आंब्या-फणसाच्या जुन्या फांदीवरून पांढऱ्या, गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा घोस खाली लोंबतो, तीच ही. वनस्पतिशास्त्रात तिला ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा म्हणतात. आसामात ती कपौ फूल या नावाने रंगाली बिहूच्या दिवसांत स्त्रियांच्या अंबाड्यात माळली जाते; त्या राज्याचे ते राज्यपुष्पच आहे. सुगंध मंद असतो, नाक जवळ नेल्यावर कळतो. हल्ली रोपवाटिकेत वाढवलेली रोपे मिळतात, आणि मुलांनी आईवडिलांना भेट दिलेली अशी रोपे, घरी तपासणीला गेलो की, गॅलरीत टांगलेली मला वरचेवर दिसतात. (रानातून ओरबाडून आणलेले रोप मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.)

त्यांतली बरीच वर्षभरात मरतात. मरतात ती दुर्लक्षाने कमी आणि पाण्याने अधिक.

याचे कारण मुळात आहे. ही वनस्पती झाडावर राहते, पण बांडगूळ नव्हे. ती फांदीला केवळ धरून असते आणि तिची मुळे हवेत असतात. त्या मुळांवर स्पंजासारखे जाड आवरण असते. पाऊस पडला की ते आवरण काही मिनिटांत पाणी शोषते आणि नंतर वाऱ्याने सुकते. भिजणे जितके आवश्यक, तितकेच सुकणेही. सुकलेले मूळ चंदेरी-पांढरे दिसते; भिजले की आतला हिरवा रंग वर उमटतो. सतत ओले राहिलेल्या मुळाला हवा मिळत नाही, ते तपकिरी पडून कुजते आणि चिमटीत दाबले तर साल निघून आत दोरा उरतो. तेव्हा ‘दिवसातून किती वेळा?’ या प्रश्नाचे उत्तर घड्याळात शोधू नये. मूळ पांढरे असेल तर पाणी घालावे, हिरवे असेल तर हात आवरावा. ज्यांना मोतीबिंदूमुळे हा रंगभेद दिसत नाही, त्यांनी जाळीतला कोळसा बोटाने चाचपावा. गार आणि दमट लागला तर थांबावे.

उन्हाळ्यात, विशेषतः देशावरच्या कोरड्या उष्म्यात, मुळे सकाळी भिजवली तरी दुपारपर्यंत पांढरी होतात. त्या दिवसांत रोज सकाळी भरपूर पाणी द्यावे. फारच तापले तर संध्याकाळच्या आत पुन्हा एकदा फवारावे. याच काळात कळ्या येतात, म्हणून हयगय नको. पावसाळ्यात गणित उलटते. हवेतच इतका ओलावा असतो की आडोशाला टांगलेल्या रोपाला कित्येक दिवस वेगळे पाणी लागत नाही. खरा धोका असतो तो शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात साचणाऱ्या पाण्याचा. रात्रभर ते तिथे राहिले तर शेंडा कुजतो, आणि या वनस्पतीची वाढ त्या एकाच शेंड्यातून होत असल्याने रोप सावरणे कठीण होते. कापसाच्या बोळ्याने ते टिपून घ्यावे. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा रोज, आणि थंडी पडली की आठवड्यातून दोन-तीनदा, तेही ऊन वर आल्यावर. थंडीत मुळांची हिरवी टोके पांढऱ्या आवरणाखाली झाकली जातात. ती विश्रांती आहे, आजार नव्हे. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले, साधे नळाचेही चालते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काटकसर म्हणून घालू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात.

आता माझ्या विषयाकडे वळतो. माझ्या एका रुग्णांना, निवृत्त शिक्षक आहेत, वय ऐंशीच्या घरात, विस्मरणाचा आजार आहे. पाणी घातल्याचे त्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून ते दिवसातून सहा-सात वेळा घालत. घरच्यांनी तांब्या लपवला, तर ते घरभर तो शोधत फिरू लागले, चिडू लागले, रात्रीची झोप गेली. मला विचारले तेव्हा झोपेच्या गोळीची अपेक्षा होती. उपाय सुनेनेच शोधला. तिने रोप नारळाच्या काथ्याने भरलेल्या कुंडीतून काढून लाकडी जाळीत, केवळ कोळशाच्या मोठ्या खड्यांवर बसवले. आता पाणी घातले तरी ते तिथे थांबत नाही. तांब्याऐवजी अर्ध्या लिटरची फवारणीची बाटली त्यांच्या हाती दिली. ती सकाळी भरायची; संपली की ‘आजचे झाले, अण्णा’ एवढेच सांगायचे. पावसाळ्यात रोप वर टांगले जाते आणि अण्णांच्या हाताशी अळूची कुंडी येते. अळूला कितीही पाणी घाला, ते तक्रार करत नाही, आणि फदफदे खायला सगळे घर तयार असते. गोळी लिहून द्यावी लागली नाही. काळजीवाहकांना माझे नेहमी सांगणे असते की काम काढून घेण्याआधी त्याचे साधन बदलून पाहावे.

स्वतः पाणी घालणाऱ्या ज्येष्ठांनी रोप डोक्यावर टांगू नये, छातीच्या उंचीवर असावे. स्टुलावर चढणे नको, आणि रोप बादलीत बुडवण्यासाठी भरलेली बादली उचलणेही नको; फवाऱ्याने तेच काम होते. खाली ठिबकलेले पाणी लगेच पुसावे. ओल्या फरशीवरून घसरून मोडलेली खुब्याची हाडे मी पुष्कळ पाहिली आहेत. खाली बशी ठेवली असेल तर आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासावी. नुसती ओतून चालत नाही, कारण डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. पातळ केलेले खत पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

रोपाला पाणी घालताना स्वतःही पेलाभर प्यावे, असे मी सांगतो, कारण उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी मात्र तेच पाळावे.

आणि फुले आल्यावर घरातल्या आजी ‘यंदा वासच नाही’ म्हणाल्या, तर त्यावरून काही ठरवू नका. या फुलाचा वास मुळातच हलका. पण त्यांना हिंगाची फोडणी आणि कापूर ओळखता येतो का, ते विचारा. वयानुसार घ्राणशक्ती कमी होते, आणि पुष्कळांना ते कळतही नाही. सर्दी, नाकातील दोष, क्वचित मज्जासंस्थेच्या आजाराची सुरुवात, अशी इतर कारणेही असू शकतात; म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवावे. तोवर रात्री गॅसची टाकी बंद केली की नाही, हे पाहण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणीतरी करावे.