उंसाच्या फडांतील मजूर व त्याचें मत

पोटासाठीं परमुलखांत गेलेल्या माणसास तेथील निवडणुकांचें काय होय, असें आपल्याकडील जाणतीं माणसेंहि सहज बोलून जातात. मॉरिशस बेटाचा इतिहास पाहतां हें बोलणें आम्हांस साफ चुकीचें वाटतें. आणि तो इतिहास उंसाच्या फडांतच घडलेला असल्यामुळें आमच्या बागाईतदार वाचकांपुढें मांडीत आहों.

सन 1834 पासून पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लक्षांच्या आसपास हिंदी मजूर करार लिहून देऊन या बेटावर गेले. बिहाराकडील लोक त्यांत अधिक. परंतु मुंबई बंदरांतून गेलेल्या मराठी लोकांचे वंशजहि तेथें आहेत, व त्यांनीं आपला गणेशोत्सव आजवर राखला आहे. बेटाच्या वस्तींत या मजुरांचा व त्यांच्या मुलांचा भरणा लवकरच निम्म्याहून अधिक झाला. तरी 1886 च्या घटनेनें मताचा हक्क मालमत्ता व मिळकत यांवर बसविला आणि मतदार झाले अवघे चार हजारांच्या आसपास! ऊंस लावणारा, तोडणारा, वाहणारा बहुतेक यादीबाहेर राहिला. त्यास राजकारणाची आवड नव्हती, असें म्हणावयास मग आधार काय?

1947 च्या घटनेनें अट पालटली. बेटावर चालणाऱ्या भाषांपैकीं एखादींत ज्यास साधीं वाक्यें लिहितां वाचतां येतील, त्यास मत मिळावयाचें होतें. अट दिसण्यांत सौम्य. पण दिवसभर कोयता चालविणाऱ्यानें अक्षर गिरवावें केव्हां? येथें गांवोगांवच्या ‘बैठका’ कामास आल्या. सायंकाळीं रामायण ऐकावयास जमणाऱ्या या मंडळ्यांतून, व पंडित वासुदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाच्या स्वयंसेवकांकडून, प्रौढ माणसें आपलें नांव लिहावयास शिकलीं. बारा हजारांच्या आंतबाहेर असलेले मतदार 1948 च्या निवडणुकीस सत्तर हजारांवर गेले, आणि 19 पैकीं 11 जागा हिंदी वंशाच्या उमेदवारांकडे आल्या. 1959 च्या निवडणुकीस अक्षराचीहि अट उरली नाहीं. 1967 सालीं स्वातंत्र्याचा प्रश्न मतास लागला, तेव्हां शेंकडा पंचायशींहून अधिक मतदार मतदानास गेले. सर्वांचा कौल एक नव्हता; शेंकडा 44 च्या सुमारास मतें विरोधी पक्षास पडलीं. पण बेटाचें भवितव्य ठरविण्यास माणसें घराबाहेर पडलीं, हें खरें.

आतां आपल्या फडांकडे पाहूं. बीडकडून कोल्हापुरास येणारा ऊंसतोड मजूर परदेशस्थ नव्हे. त्याचें नांव यादींत आहे, पण ती यादी त्याच्या गांवीं. 20 नोव्हेंबर 2024 चें विधानसभेचें मतदान गळिताच्या तोंडावर आलें, तेव्हां ही अडचण उघड दिसली. लोकसभेचें मतदान त्या वर्षीं एप्रिल-मे महिन्यांत झाल्यामुळें बऱ्याच अंशीं निभावलें, इतकेंच. मतदानाच्या दिवशीं पगारी रजेची तरतूद कायद्यांत आहे. पण एका दिवसांत इतका प्रवास करून कोण परत येईल?

तोडणी थांबली तर गाळप अडतें, तोडलेला ऊंस वाळतो, ही भीति आम्हांसहि आहे. तरीहि मतदानापुरते तीन दिवस आम्ही सोसले पाहिजेत. कारखान्यांनीं तेवढ्यापुरतीं वाहनें द्यावींत. आणि मुकादमाशीं करार करतेवेळींच, या दिवसांची मजुरी उचलींतून कापली जाणार नाहीं, अशी ओळ आमच्या सभासदांनीं लिहवून घ्यावी.