अक्षरी रुपये
पावतीवर ‘अक्षरी रुपये’च्या पुढे जे लिहायचं, ते एक्सेल आपण होऊन लिहीत नाही. थाई भाषेसाठी ‘बाहटटेक्स्ट’ हे फंक्शन त्यात आयतं आहे, इंग्रजीसाठी नाही! त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘स्पेलनंबर’ हा मॅक्रो वेगळा चिकटवायचा. त्यात १,५०,००० टाकले की उमटतं : वन हंड्रेड फिफ्टी थाउजंड डॉलर्स अँड नो सेंट्स. कारण तो आकडा तीन-तीनच्या घासांनी खातो. आपला उजवीकडून पहिला घास तीनचा, पुढचे दोन-दोनचे. तेवढं बदललं की लाख-कोटी येतात. खरी परीक्षा मराठीत. इंग्रजीचं शून्य ते नव्व्याण्णव अठ्ठावीस शब्दांत भागतं, बाकी नुसती जोडाजोड. आपल्याकडे मात्र त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर. तीन तोच, पण सोंगं वेगवेगळी. म्हणून शंभर शब्दांची यादीच मुकाट्याने भरावी लागते. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रोग्रामरला ते मनापासून आवडलं असतं. कारण रूढ शब्दांत एकोणनव्वदवरून सूत्र बसवायला जावं, तर पुढे ‘एकोणशंभर’ हाती येतं.