गळक्या हंड्याचा हिशेब

‘पितो तो भोगेल, त्याच्यापायी सरकारने आणि समाजाने पैसा का घालवावा?’ व्यसनमुक्तीचा विषय काढला की आमच्या सीमाभागातली चांगली शिकली-सवरलेली मंडळीही हेच बोलतात. मी अर्थशास्त्राचा एम.ए. आणि पेशाने हायस्कूलचा मुख्याध्यापक. नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवून मी त्यांना जमाखर्चाचाच प्रश्न विचारतो : भोगतो कोण?

दारूने यकृत निकामी झालेला माणूस एकदाच इस्पितळात जात नाही. पोटात पाणी होते, ते काढून घरी आणतात. पुन्हा पोट फुगते, पुन्हा खाट. आधी बायकोच्या पाटल्या जातात, मग शेताचा तुकडा, आणि एस.एस.एल.सी.चे परीक्षा शुल्क भरायच्या वेळी पोरगा माझ्या खोलीच्या दाराशी मान खाली घालून उभा राहतो. पिणारा एक, भोगणारे घरचे सगळे.

तंबाखूचा हिशेब तर छापील आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने झालेल्या अभ्यासानुसार २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूमुळे होणाऱ्या रोगांचा व मृत्यूंचा देशावर १,७७,३४१ कोटी रुपयांचा बोजा पडला. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्काचे शंभर रुपये तिजोरीत आले, तेव्हा समाजाचे ८१६ रुपये गेले. याला महसूल म्हणायचे?

उलट उपचाराला लागते काय? दारू सोडताना हातपाय कापतात, कुणाला झटके येतात, भ्रम होतो. त्यासाठी बहुधा आठवडा-दहा दिवसांची देखरेख, साधी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व पुरते. पुढचे काम समुपदेशनाचे. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’मधला उपचार पाच आठवड्यांचा. जबडा कापण्याच्या शस्त्रक्रियेशेजारी हा खर्च मांडून पाहा! तरीही २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळतो; दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला.

‘सुटली तरी पुन्हा पितात,’ हा दुसरा आक्षेप. काही जण पितात, खरे आहे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण त्याचे इन्शुलिन बंद करतो काय?

बंदीने भागेल म्हणणाऱ्यांनीही डोळे उघडावेत. कर्नाटकात २००७ साली सारायी बंद झाली, २०१३ साली गुटखा. सारायी गेली, बाटली राहिली. गुटख्याऐवजी पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या मिळू लागल्या. दुकानाला कुलूप लावल्याने लत लागलेल्या माणसाला औषध मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या खाटा हव्यात, आणि दारूच्या महसुलातला ठरीव हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवावा. समुपदेशन मराठी माणसाला मराठीत आणि कन्नड माणसाला कन्नडमध्ये मिळावे. मनातली लाज परक्या भाषेत उघड करता येत नाही. भाषेच्या प्रश्नावर आपण आजवर इतकी निवेदने दिली, त्यांत हे एक कलम घालावे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने मनाई आहे. ती पाळली जाते की नाही, हे पालकांनी स्वतः शाळेच्या फाटकापासून चालत जाऊन पाहावे आणि न पाळणाऱ्याची तक्रार लेखी द्यावी.