मांजराचा ओरखडा आणि काखेतली गाठ

कणगीतले धान्य उंदरांपासून राखायचे तर घरात मांजर हवेच. पण पिलाशी खेळताना मुलाला ओरखडा निघाला आणि दोन-तीन आठवड्यांनी काखेत दुखरी गाठ आली, की घरच्यांना पहिली धास्ती क्षयाची वाटते. ती तपासणी करावीच. मात्र डॉक्टरांना ओरखड्याचीही आठवण द्यावी.

पॅरिसच्या डॉ. रॉबर्ट देब्रे यांनी १९५० साली या आजाराचे वर्णन केले. जंतू मात्र सापडत नव्हता. १९८३ साली अमेरिकेत रोग्यांच्या गाठींचे पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. पुढे १९९२ नंतर 'बार्टोनेला हेन्सेली' हा या रोगाचा मुख्य जंतू ठरला.

हा जंतू प्रयोगशाळेत फार सावकाश वाढतो, आठवडे लागतात. म्हणून रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात, किंवा गाठीतला पू काढून 'पीसीआर' तपासणीने जंतूची खूण पाहतात. निदान पक्के झाले तर क्षयाची औषधे विनाकारण घ्यावी लागत नाहीत. बहुतेक मुलांची गाठ दोन-चार महिन्यांत आपोआप विरते. तिच्यावर बिब्बा घालू नये.

जंतू मांजरांत पसरतो पिसवांमुळे. तेव्हा पिसवांचा बंदोबस्त करा. ओरखडा निघताच हळद-चुना न लावता साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.