रोप घेताना उंची पाहताय? आधी विचारा, ‘बी कुठलं?’

डिजिटल डेस्क, कोल्हापूर : पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांत गर्दी वाढते. बांधावर साग, पडीक रानात शिसव, ऐन नाहीतर बिबळा लावायचा असतो. गुडघाभर उंचीचं हिरवंगार रोप दिसलं की आपण उचलतो. ते कुठल्या बियांपासून तयार झालं, हे क्वचितच कोणी विचारतं. सोयाबीनचं बियाणं चुकलं तर एक हंगाम जातो. सागाचं चुकलं तर ते कळायलाच पंधरा-वीस वर्षं जातात.

बियांचा ‘मूळस्रोत’ म्हणजे काय?

ज्या जंगलातून किंवा लागवडीतून बी गोळा केलं, ते ठिकाण. एकाच जातीची झाडं पिढ्यानपिढ्या तिथल्या पावसाशी आणि मातीशी जुळवून घेतात. आपल्या जिल्ह्यातच गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळला पाचशे-सहाशे. मधलं अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. त्यामुळे घाटातलं बी पूर्व भागात तसंच वाढेल, हे गृहीत धरता येत नाही.

रोपात काय फरक पडतो?

मोठ्या, भरलेल्या बीमध्ये अन्नसाठा जास्त, म्हणून रोप सुरुवातीला जोमानं वाढतं. पण हा जोम पुढे ओसरतो. शिवाय रोपवाटिकेतली उंची बऱ्याचदा खत-पाण्याची असते. खोड सरळ होणार की नाही, फुलोरा कधी येणार, हे बरंचसं आनुवंशिक असतं.

सागाचं उदाहरण घ्या. त्याचा पहिला फुलोरा मुख्य शेंड्यावर येतो आणि तिथून खोडाला फाटा फुटतो. झाड लवकर फुललं, तर सरळ सोट तेवढाच आखूड. आता बी गोळा करणाऱ्याला सोपं झाड कोणतं? रस्त्याकडेचं, बुटकं, लवकर फळणारं! म्हणजे लाकडासाठी जे नको, नेमकं तेच पुढच्या पिढीत जातं. सगळं बी एकाच झाडाचं असेल, तर ती रोपं एकमेकांची भावंडं ठरतात. पुढे त्यांच्यातच परागीभवन झालं, तर कमकुवत रोपं निपजण्याचा धोका वाढतो.

याचा पुरावा आहे का?

१९७० च्या दशकात डेन्मार्कच्या पुढाकारानं भारत, थायलंड, लाओस, इंडोनेशिया अशा देशांतल्या सागाचं बी अनेक ठिकाणी शेजारी शेजारी लावून पाहिलं गेलं. जगण्याचं प्रमाण, खोडाचा सरळपणा, फुलोऱ्याचं वय या सगळ्यांत मूळस्रोतानुसार फरक दिसला. मात्र ‘स्थानिक तेच सर्वोत्तम’ असंही दरवेळी नसतं. बाहेरचं बी सरस ठरू शकतं. पण आधी चाचणी हवी.

मग कायदा काय सांगतो?

अडचण इथेच आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यात धान्य, तेलबिया, फळं-भाज्या, कापूस, चारापिकं येतात. वनवृक्ष येत नाहीत. त्यामुळे सोयाबीनच्या पिशवीवर उगवणक्षमता छापलेली असते, सागाच्या रोपावर काहीच नसतं. युरोपीय संघात १९९९ च्या नियमांनुसार प्रमुख वनवृक्षांचं बी आणि रोपं विकताना मूळस्रोताची नोंद द्यावी लागते. आपल्याकडे मोजणी होते ती खड्ड्यांची आणि रोपांची. २०१९ मध्ये राज्याचं लक्ष्य ३३ कोटी रोपांचं होतं.

रोप घेताना काय विचाराल?

• बी कुठल्या तालुक्यातलं, किती पावसाच्या भागातलं?
• किती झाडांवरून घेतलं? एकमेकांपासून दूर असलेली किमान वीस-पंचवीस झाडं असावीत.
• ती झाडं सरळ खोडाची, निरोगी होती का?
• बी कधी गोळा केलं? जांभळाचं बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावतं. सागाचं टिकतं, पण आळीपाळीनं भिजवून-वाळवूनही कमीच उगवतं.

उत्तर मिळालं नाही, तर वाकडं खोड दिसेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा दुसरी रोपवाटिका गाठलेली बरी.